शंभरातल्या ब्याण्णव

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गडचिरोली हा नवा जिल्हा नकाशावर आला. वैनगंगेच्या पलीकडचं बहुतेक जंगल त्याच्या वाट्याला आलं. त्या जंगलासोबत आल्या पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा, हिवताप आणि दवाखान्याची वाट न पाहिलेली गावं. जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या अंगाला, पुढे तालुका झालेलं मुलचेरा आहे. इथे गोंड-माडिया आहेत, तेलुगू बोलणारी घरं आहेत. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या आणि शासनाने तेव्हाच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात वसवलेल्या बंगाली निर्वासितांची गावंही आहेत. मुलचेऱ्याच्या बाजारात उभं राहिलं तर मराठी धरून चार भाषा कानांवर पडतात.

पण बायकांचं एक काम या चारही भाषांत सारखंच आहे. पावसाळ्यात धानाच्या बांधीत, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चिखलात, कंबरेत वाकून दिवसभर रोवणी. त्या कामाचं दुखणंही सारखं आणि ते सांगायची रीतही सारखी, म्हणजे न सांगण्याची. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोटात कळ येते, बाळंतपणानंतर अंग बाहेर येतं, या गोष्टी नवऱ्याला सांगायच्या नसतात, सासूला सांगून उपयोग नसतो आणि पुरुष डॉक्टरपुढे तर तोंडच उघडायचं नसतं. माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बाईनं वस्तीबाहेरच्या कुर्माघरात जाऊन राहायचं ही प्रथा. त्या लहानशा, अंधाऱ्या झोपडीत काय काय सहन केलं गेलं, त्याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात नव्हती.

दप्तरात नोंद होती ती वेगळ्या गोष्टीची. १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून शासनाला बाईच्या गर्भाशयाबद्दल एकच प्रश्न पडत आला होता: अजून किती मुलं? आणीबाणीत पुरुषांच्या नसबंदीची सक्ती झाली, १९७७ च्या निवडणुकीत लोकांनी त्याचा राग काढला, आणि त्यानंतर पुरुषांना हात लावायची कोणाची छाती झाली नाही. मग सगळा भार बायकांवर आला. शिबिरं भरू लागली, बिनटाक्याच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, तांबी बसवली जाऊ लागली. परिचारिकेला, ग्रामसेवकाला, शाळामास्तरालासुद्धा उद्दिष्ट ठरवून दिलेलं असे. ‘केस आणली का?’ हा त्या काळचा परवलीचा प्रश्न. केस म्हणजे जिवंत बाई. तिला आत जंतुसंसर्ग आहे का, तांबी सोसेल का, हे पाहायला वेळ नव्हता आणि पाहावं असं वाटतही नव्हतं.

अशा जिल्ह्यात १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग आले. राणीताई मूळच्या चंद्रपूरच्या, अभय वर्ध्याच्या गांधीवादी घरातले. दोघंही नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन १९८४ साली परतलेले. त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. तेंदूपत्ता साठवायच्या एका जुन्या गोदामात काम सुरू झालं. जिल्ह्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणावं असं राणीताईंशिवाय त्या वेळी जवळपास कोणी नव्हतं. त्यामुळे बायका त्यांच्याकडे येऊ लागल्या, आणि ज्या येत त्यांपैकी कितीतरी जणी वर्षानुवर्षांचं दुखणं घेऊन येत.

इथे या दोघांना एक साधा प्रश्न पडला. त्यातूनच पुढचं सगळं घडलं. दवाखान्यात येते ती आजारी असते, हे उघड आहे. पण जी येत नाही तिचं काय? ती निरोगी आहे म्हणून येत नाही, की आजारी असूनही येत नाही? दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये याचं उत्तर सापडत नाही. त्यासाठी गावात जाऊन गावातल्या सगळ्या बायकांना तपासावं लागतं. गरीब देशांतल्या खेड्यांत असं कोणी केलंय का म्हणून शोधलं, तर जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात जवळपास काहीच हाती लागलं नाही. बाळंतपणावर लिहिलेलं होतं, गर्भनिरोधनावर तर ढिगानं होतं. बाळंत नसलेल्या, गरोदर नसलेल्या बाईच्या ओटीपोटात काय चाललंय हे मात्र कोणी मोजलेलं नव्हतं.

दोन गावं निवडली: वसा आणि अमिर्झा. गडचिरोलीच्या परिसरातली ही धानाची गावं, राज्याला नावानेही माहीत नसलेली. तेरा वर्षांवरच्या मुली आणि बायका अभ्यासात घ्यायच्या ठरल्या. हे लिहायला सोपं आहे. पण ज्या गावात बाई हे दुखणं बहिणीलासुद्धा कुजबुजत सांगते, तिथे शेकडो बायकांनी आतून तपासणी करून घ्यायची, ही केवढी गोष्ट होती याचा विचार करा. ती घडली याचं कारण तपासणारी डॉक्टर बाई होती, ती त्यांच्याशी त्यांच्या शब्दांत बोलत होती आणि तपासणीबरोबर उपचारही मिळणार होते.

या तपासणीचं मुख्य हत्यार म्हणजे स्पेक्युलम. स्टीलची दोन पाती, बदकाच्या चोचीसारखी उघडणारी, बाजूला एक स्क्रू. त्याला वीज लागत नाही, ते महाग नाही, पाण्यात उकळून पुन्हा वापरता येतं. ते हलक्या हाताने आत घालून पाती उघडली, टॉर्चचा उजेड पाडला, की गर्भाशयाचं तोंड दिसतं. ते गुलाबी आहे की लाल, सुजलंय का, त्यावर जखम आहे का, स्राव कसा आहे, हे काही मिनिटांत कळतं. कापसाच्या काडीने स्राव घेऊन काचपट्टीवर पसरवला की सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतात. एवढंच. पण या ‘एवढंच’साठी या बायकांना चाळीस वर्षांचं स्वातंत्र्य पुरलं नव्हतं.

६५० बायकांची मुलाखत आणि तपासणी झाली. जानेवारी १९८९ मध्ये निष्कर्ष ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ते आकडे आजही सावकाश वाचावेत असे आहेत. ५५ टक्के बायकांनी स्त्रीरोगाची काही ना काही तक्रार सांगितली, ४५ टक्के म्हणाल्या की काही त्रास नाही. प्रत्यक्ष तपासल्यावर मात्र ९२ टक्के बायकांमध्ये एक किंवा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार सापडले. सरासरी काढली तर एकेका बाईमागे ३.६ आजार. त्यांतला निम्मा वाटा जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा. आणि या ६५० पैकी आयुष्यात आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के, म्हणजे पन्नासेक जणी.

मला यातला सर्वांत जड आकडा ९२ चा वाटत नाही. तो ‘काही त्रास नाही’ म्हणणाऱ्या ४५ टक्क्यांचा वाटतो. कारण आजार शंभरातल्या ९२ जणींत सापडला, याचा सरळ अर्थ त्या ‘बऱ्या’ बायकांपैकीही बहुतेक आजारी होत्या. काहींचा आजार खरोखरच लक्षणं न दाखवणारा असेल. पण काहींना दुखणं इतकं अंगवळणी पडलेलं असणार की ते दुखणं आहे हेच त्या विसरल्या असतील. बाईचं अंग म्हटलं की एवढं असायचंच, हे आईकडून मुलीकडे वारशाने आलेलं ज्ञान.

या शोधनिबंधात आणखी एक गोष्ट होती, शासनाला न आवडणारी. बायकांच्या गर्भनिरोधक साधनांचा वापर आणि स्त्रीरोग यांचा संबंध दिसला होता. तो एकूण आजारांचा थोडाच भाग समजावतो, हेही लेखकांनी प्रामाणिकपणे लिहिलं. पण ‘आधी तपासा, मग तांबी बसवा’ एवढी साधी शिस्तही उद्दिष्टांच्या घाईत राहिली नव्हती, हे त्यातून उघडं पडलं. निबंधाची शिफारस एका वाक्यात मावणारी होती: खेड्यातल्या प्राथमिक आरोग्यसेवेत स्त्रीरोगांची तपासणी आणि उपचार असले पाहिजेत.

पुढच्या वर्षांत हे आकडे जगभर फिरले. ९२ हा आकडा इतर प्रदेशांत तितकाच निघतो का, यावर तज्ज्ञांनी वाद घातले आणि दुसरीकडच्या अभ्यासांत तो कमीही निघाला. तो वाद तज्ज्ञांचा. पण प्रश्न विचारला गेला तो गेलाच. सप्टेंबर १९९४ मध्ये कैरोला संयुक्त राष्ट्रांची लोकसंख्या परिषद भरली तेव्हा ‘लोकसंख्या नियंत्रण’ या शब्दाची जागा ‘प्रजनन आरोग्य’ या शब्दाने घेतली. हा बदल एकट्या गडचिरोलीने घडवला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. जगभरच्या स्त्री-चळवळींनी त्यासाठी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला होता. पण त्यांच्या हातात जे मोजके ठोस पुरावे होते, त्यांत वसा आणि अमिर्झाच्या बायका होत्या. भारतात एप्रिल १९९६ मध्ये कुटुंबनियोजनाची वरून लादलेली उद्दिष्टं कागदावर तरी रद्द झाली आणि १९९७ च्या ऑक्टोबरात प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम आला.

सर्चचं काम तिथेच थांबलं नाही. संस्थेचा परिसर ‘शोधग्राम’ म्हणून उभा राहिला आणि त्यात माँ दंतेश्वरी दवाखाना झाला. आदिवासींना विचारून तो बांधला गेला. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना बाहेर काढतात, डॉक्टरांचे पांढरे कपडे कफनासारखे दिसतात, असं लोकांनी सांगितलं, म्हणून दवाखाना झोपड्यांसारखा आणि सोबतच्या माणसांना राहायला जागा असलेला झाला. राणीताईंना आता सगळे ‘अम्मा’ म्हणतात. बायकांच्या दुखण्याबद्दल त्यांनी ‘कानोसा’ हे पुस्तक लिहिलं. पुढे गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला, त्याने ३९ गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आणलं, आणि तो पुढे ‘आशा’ताईंमार्फत देशभर गेला. बाळांचं काम देशाने उचललं. बायकांच्या तपासणीचं तसं उचललं नाही. का, याचं उत्तर मला तरी अवघड वाटत नाही. बाळ सगळ्यांना हवं असतं.

बाळ हवं असण्याची ही गोष्ट त्याच १९८६ सालात दुसरीकडेही सुरू झाली होती. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला, देशातला पहिला रीतसर वैज्ञानिक नोंद झालेला. एकाच राज्यात, एकाच वर्षी, एका टोकाला प्रयोगशाळेत गर्भ तयार होत होता आणि दुसऱ्या टोकाला स्पेक्युलम कधी न पाहिलेल्या बायका होत्या. या दोन गोष्टी एकमेकींपासून लांब वाटतात, तशा त्या नाहीत. १९७८ साली इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती तिच्या आईच्या गर्भनलिका बंद होत्या म्हणून. गर्भनलिका बंद पडण्याचं एक मोठं कारण म्हणजे उपचार न झालेला जंतुसंसर्ग, आणि आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयरोगही. वसा-अमिर्झाच्या काचपट्ट्यांवर दिसलेले जंतू आणि मुंबईच्या प्रयोगशाळेतली काचेची नळी एकाच वाटेवरच्या दोन जागा आहेत. पहिल्या जागी थोड्या रुपयांची औषधं पुरतात, दुसऱ्या जागी लाखो लागतात.

त्या वाटेवर पुढे सरोगसी आली. नव्या शतकाच्या सुरुवातीला गुजरातमधलं आणंद ‘भाड्याच्या गर्भाशयां’साठी जगभर ओळखलं जाऊ लागलं. परदेशी जोडपी येत, गरीब घरातल्या बायका नऊ महिने वसतिगृहात राहत. २००५ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्यांना कायद्याचं बळ नव्हतं. २००८ मध्ये एका जपानी जोडप्याचा बाळाच्या जन्माआधीच घटस्फोट झाला आणि आणंदला जन्मलेली मुलगी नेमकी कोणाची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढच्या वर्षी विधी आयोगाने कायदा करायला सांगितलं. मराठीत याच सुमारास समृद्धी पोरे यांचा ‘मला आई व्हायचंय!’ हा चित्रपट आला. त्यात गावाकडची गरीब बाई परदेशी बाईसाठी मूल पोटात वाढवते. याच दिग्दर्शिकेने नंतर हेमलकशाच्या डॉ. प्रकाश आमट्यांवर चित्रपट केला, म्हणजे उसन्या गर्भाशयाची गोष्ट सांगून त्या गडचिरोलीच्या जंगलाकडे वळल्या.

व्यावसायिक सरोगसी बंद व्हावी म्हणून ज्येष्ठ वकील जयश्री वाड सर्वोच्च न्यायालयात गेल्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये सरकारने परदेशी जोडप्यांना दार बंद केलं. २०१६ मध्ये विधेयक आलं. २०१७ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने सुचवलं की मूल पोटात वाढवणाऱ्या बाईला रीतसर मोबदला द्यावा, कारण या सगळ्यात डॉक्टरला, दवाखान्याला, वकिलाला पैसे मिळतात आणि फक्त तिनेच परोपकार करायचा हे न्याय्य नाही. सरकारने ते मानलं नाही. विधेयक एकदा बारगळलं, पुन्हा आलं, निवड समितीकडे गेलं, आणि अखेर डिसेंबर २०२१ मध्ये संमत होऊन २५ जानेवारी २०२२ पासून सरोगसीचा कायदा लागू झाला.

बाईच्या प्रकृतीच्या बाजूने पाहिलं तर या कायद्यात जमेच्या गोष्टी आहेत. सरोगेट होणारी २५ ते ३५ वर्षांची, विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली, स्वतःचं मूल असलेली हवी. आयुष्यात एकदाच ती हे करू शकते. तिच्यावर तीनपेक्षा जास्त प्रयत्न करता येत नाहीत, एका वेळी एकच गर्भ सोडायचा, अपवादानेच तीनपर्यंत. ३६ महिन्यांचा आरोग्यविमा तिच्यासाठी काढावा लागतो. तिच्या लेखी संमतीशिवाय कोणी तिचा गर्भपात करू शकत नाही. पैशाचा व्यवहार करणाऱ्या दवाखान्याला दहा वर्षांपर्यंत तुरुंग आहे. पूर्वीच्या काळात एकाच बाईने दोनदा-तीनदा गर्भ वाढवला, जुळी-तिळी सोसली, आणि त्यानंतर तिचं काय झालं हे कोणी विचारलं नाही. त्या काळावर हा कायदा निश्चित मर्यादा घालतो. पण मोबदला शून्य ठेवल्याने ओझं बाजारातून उठून घराच्या उंबऱ्याआत आलं. जावेला, वहिनीला, धाकट्या बहिणीला ‘एवढं आमच्यासाठी कर’ म्हटलं तर तिच्या नाही म्हणण्याचं रक्षण कोणत्या कलमाने होणार?

आता हा कायदा मुलचेऱ्याहून पाहा. मूल होत नसलेल्या जोडप्याला जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र हवं, म्हणजे गडचिरोलीपर्यंत जंगलातला लांब रस्ता. मग प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचा आदेश. मग नोंदणीकृत सरोगसी केंद्र, त्यासाठी मोठं शहर गाठायचं. या कायद्याचा उपयोग मुलचेऱ्याच्या किती घरांना होईल ते वाचकांनीच ठरवावं. पण त्याच कायद्याच्या नियमांत एक यादी आहे, सरोगसी कोणत्या वैद्यकीय कारणांसाठी मिळू शकते याची. गर्भाशय नसणं, आजारामुळे काढून टाकावं लागणं, गर्भाशयाच्या आतल्या भिंती एकमेकींना चिकटणं. मला ही यादी वाचताना १९८९ चा शोधनिबंध आठवतो. गर्भाशय आतून चिकटतं तेव्हा त्यामागे कित्येकदा वेळेवर न ओळखलेला संसर्ग असतो, क्षयरोग असतो.

आणि गर्भाशय काढलं जाण्याचं म्हणाल, तर बीडच्या ऊसतोड बायकांना विचारा. २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीने, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली, तिथल्या ८२,३०९ बायकांची पाहणी करवली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. कोयता थांबू नये, पाळीमुळे मजुरी बुडू नये, ही कारणं होतीच. पण कितीतरी जणी पहिल्यांदा डॉक्टरकडे गेल्या होत्या त्या अंगावरून पांढरं जातं म्हणून. अमिर्झाच्या बाईचंच दुखणं. तिला तपासणारी अम्मा मिळाली, बीडच्या बाईला ‘पिशवी खराब झालीय, काढून टाका’ म्हणणारा मिळाला.

गर्भाशयाबद्दल आपण कायदे भरपूर केले. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला आणि त्याचा अभिमान बाळगलाच पाहिजे. सरोगसीचा कायदाही आवश्यक होता. पण हे सगळे कायदे गर्भाशयात कोण आहे, कोणाचं आहे, किती आहेत, याबद्दल बोलतात. ज्या बाईच्या पोटात ते गर्भाशय आहे, तिला कळ येते का, हा प्रश्न विचारण्याची सक्ती अजून कोणत्याही कायद्याने कोणावर केलेली नाही. तो प्रश्न १९८६ नंतर दोन गावांत विचारला गेला, कारण दोन माणसांना तो विचारावासा वाटला.

मुलचेऱ्यात या पावसाळ्यातही रोवणी होईल. तुम्ही गडचिरोलीचे असा, चंद्रपूरचे, बीडचे किंवा पुण्याजवळच्या एखाद्या गावचे, तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा जाऊन विचारा: इथे स्पेक्युलम आहे का, ते वापरणारी बाई डॉक्टर आठवड्यातून किती दिवस येते, आणि गेल्या महिन्यात तिने किती जणींना तपासलं?